बेळगावचा बर्डवुड आणि नाव नसलेले हात

बुद्धाच्या मूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा देणारा माणूस आपल्या बेळगावात जन्मला होता.

त्याचं नाव जॉर्ज बर्डवुड. १३ जानेवारी १९१० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये एक व्याख्यान होतं. बोलणार होता ई. बी. हॅवेल, कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचा माजी प्रमुख. विषय होता हिंदुस्थानातला कलाविषयक सरकारी कारभार. अध्यक्षस्थानी सत्त्याहत्तर वर्षांचा बर्डवुड. हिंदुस्थानी कलेवर इंग्रजीत लिहिणाऱ्यांमधलं हे सर्वांत वजनदार नाव. हॅवेल म्हणत होता की या देशातल्या मूर्ती आणि चित्रं ही जगातल्या श्रेष्ठ कलेच्या पंगतीला बसवायला हवीत. चर्चेच्या शेवटी अध्यक्ष बोलायला लागला. समोर जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धाचं छायाचित्र होतं. त्याकडे बोट दाखवून बर्डवुड म्हणाला, त्याचा मथितार्थ असा: निर्विकार शुद्धता आणि मनाची शांती दाखवायची असेल, तर उकडलेलं सूएट पुडिंगसुद्धा तेवढंच चालेल.

सूएट पुडिंग म्हणजे गुरांची चरबी आणि पीठ कालवून, फडक्यात बांधून उकडलेला जाडसर गोळा.

आज असं कुणी बोललं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट सगळीकडे फिरला असता. तेव्हाही गदारोळ झालाच. पण बर्डवुडला 'गोरा, उद्धट, अडाणी' असं एका ओळीत निकालात काढता येत नाही. कारण त्याआधीची पन्नास वर्षं या माणसाने हिंदुस्थानी हातांचं कौतुक करण्यात घालवली होती. शत्रूने नावं ठेवली तर समजू शकतं. इथे नावं ठेवणारा मित्र होता. म्हणून ही गोष्ट जरा सुरुवातीपासून बघायला हवी.

मुंबईतला डॉक्टर

बर्डवुडचा जन्म ८ डिसेंबर १८३२ चा. बाप ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी. धाकटा भाऊ हर्बर्टसुद्धा बेळगावचाच. तो पुढे मुंबईत न्यायाधीश झाला. हर्बर्टचा मुलगा विल्यम खडकीला जन्मला आणि पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या मोहिमेतला सेनापती म्हणून गाजला. थोडक्यात, अख्खं खानदान मुंबई इलाख्यावर पोसलेलं.

जॉर्ज शिकायला इंग्लंडला गेला, एडिंबरोहून डॉक्टर होऊन १८५४ मध्ये कंपनीच्या वैद्यकीय नोकरीत परत आला. मधे इराणच्या लढाईवर जाऊन आला. मग मुंबईत स्थिरावला आणि त्याने इतकी कामं अंगावर घेतली की वाचताना दम लागावा: ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक, नव्या मुंबई विद्यापीठाचा कुलसचिव, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा चिटणीस, बागकाम मंडळाचा आधारस्तंभ, १८६४ मध्ये मुंबईचा शेरीफ.

आणि संग्रहालयाचा अभिरक्षक. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी इलाख्यातून कापड, भांडी, लाकूड, धान्य, रंग असे नमुने जमवले गेले होते. त्यांच्या जोडीच्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय फोर्टातल्या बराकींमध्ये थाटलेलं होतं. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला बराकी हव्या झाल्या आणि सगळा पसारा घाईघाईने हलवला गेला. तो सावरण्याचं काम बर्डवुडकडे आलं. यातूनच भायखळ्याच्या संग्रहालयाची कल्पना मोठी झाली. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड त्याच समितीत होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी पायाभरणी झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, देणग्या भरभरून मिळत होत्या. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, कापूस कोसळला, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या आणि काम रेंगाळलं. इमारत लोकांसाठी उघडली ती २ मे १८७२ रोजी. तेव्हा तिला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं नाव होतं. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे.

राणीच्या बागेत गेलात तर संग्रहालयाच्या बाहेर काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती दिसेल. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' नाव दिलं ते याच हत्तीमुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. बर्डवुडने ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले. पुढे १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. म्हणजे ज्याच्या तोंडून बुद्धाबद्दल ते वाक्य निघालं, त्याच्याच हातून एक पुरातन मूर्ती वाचलेली आहे.

भाऊ दाजींशी त्याची मैत्री नुसती समितीपुरती नव्हती. बर्डवुड वनस्पतींचाही अभ्यासक. धूप देणाऱ्या झाडांवर, म्हणजे आपल्याकडच्या सालईच्या कुळावर, त्याने शोधनिबंध लिहिला. त्यात एका जातीला मुंबईचा गव्हर्नर फ्रियर याचं नाव दिलं आणि दुसऱ्या एका जातीला नाव दिलं बॉस्वेलिया भाऊ-दाजियाना. गोव्यातल्या मांद्र्यात जन्मलेल्या एका मराठी डॉक्टरचं नाव असं वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन यादीत गेलं. वनस्पतिशास्त्रज्ञ आता ही वेगळी जात मानत नाहीत, पण मैत्रीची नोंद राहिली आहे.

एका पुस्तकाची गोष्ट

१८६८ मध्ये तब्येत बिघडली म्हणून बर्डवुडने मुंबई सोडली. नंतर लंडनच्या इंडिया ऑफिसात तीस वर्षं नोकरी केली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात हिंदुस्थानचा विभाग होता, त्याची मार्गदर्शिका त्याने लिहिली. ती इतकी चालली की तिचंच वाढवून १८८० मध्ये पुस्तक झालं: 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया'. नावातच सगळं आलं. कलाकुसर, हस्तोद्योग. दागिने, शस्त्रं, गालिचे, रेशीम, मीनाकाम, लाकडावरचं कोरीव काम, मातीची भांडी. बिदरच्या काळ्या धातूवर चांदी ठोकून केलेलं बिदरी काम त्यात आहे, किनखाब आहे, मलमल आहे.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये असं लिहायला थोडी हिंमत लागत होती. १८५७ च्या बंडानंतर तिकडे वातावरण तापलेलं होतं. कलेवर लिहिणारा त्या काळचा सर्वांत मोठा इंग्रज लेखक जॉन रस्किन. त्याने १८५८ च्या सुरुवातीलाच लंडनमध्ये भाषण करून हिंदुस्थानी नक्षीकामाचा आणि बंडातल्या क्रौर्याचा संबंध जोडला होता. त्याचं म्हणणं असं की, हे लोक रंग आणि नक्षी उत्तम जाणतात, पण निसर्गाकडे पाठ फिरवतात, आणि हा दोष त्यांच्या मनातच आहे. रस्किन कधी हिंदुस्थानात आला नाही. बर्डवुडचं आयुष्य इथे गेलं होतं. त्याने उलट बाजू घेतली. इंग्लंडच्या गिरण्यांतला माल कुरूप आहे आणि हिंदुस्थानी खेड्यातलं साधं मडकंही सुंदर आहे, असं तो ठणकावून सांगत होता.

त्याच्या टीकेला धारही होती. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग निघाला आणि काही वर्षांत भडक जांभळे-गुलाबी रंग बाजारात ओतले गेले. नीळ, मंजिष्ठ, हळद, लाख यांच्यावर पिढ्यान्पिढ्या चाललेली रंगारीकामं मोडायला लागली. सरकार तुरुंगातल्या कैद्यांकडून स्वस्त गालिचे विणून घेई, त्याने विणकरांचं पोट मारलं जाई. या दोन्ही गोष्टींवर बर्डवुड तुटून पडला. विल्यम मॉरिससारख्या इंग्लंडमधल्या नामवंत कलावंतांनी १८७९ मध्ये सह्या करून त्याचे जाहीर आभार मानले.

यामागे नुसतं प्रेम होतं असंही नाही. हिंदुस्थानी नमुने इंग्लंडला धंद्यासाठी हवे होते. इंडिया ऑफिसातल्याच फोर्ब्स वॉटसनने १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडाचे ७०० तुकडे अठरा खंडांत चिकटवून ते संच गिरणगावांत वाटले होते. इकडच्या लोकांना काय नेसायला आवडतं ते बघा आणि तसंच यंत्रावर काढून विका, हा त्यामागचा सरळ हिशेब. बर्डवुडला हा हिशेब आवडत नव्हता, पण तो ज्या कचेरीत बसून लिहीत होता ती याच हिशेबावर चालत होती.

आणि त्याच पुस्तकात ती दुसरी गोष्टही होती. चित्रकला आणि शिल्पकला, ललित कला या अर्थाने, हिंदुस्थानात नाहीतच, असं त्याने लिहिलं. पुराणातल्या देवांची रूपंच अशी अक्राळविक्राळ की त्यांतून उच्च कला निघणं शक्य नाही. हात जितके कुशल, तितकी दृष्टी मात्र नाही. इथे कारागीर भेटेल, कलावंत नाही.

कुंभाराचं चित्र

बर्डवुडच्या पुस्तकातला सर्वांत गाजलेला भाग खेड्याविषयी आहे. गावात शिरताना कुंभार चाकावर बसलेला दिसतो, मागे विणकर माग चालवतो, तांबट ठोकतो, सोनार झाडाखाली बसून दागिना घडवतो. संध्याकाळी बायका घागरी घेऊन विहिरीवरून परततात. पिढीजात धंदा, जातीची घडी, गावाने दिलेलं बलुतं, यांमुळे कारागिराला पोटाची काळजी नाही; म्हणून त्याचा हात शांत आहे, आणि म्हणून त्याची वस्तू सुंदर आहे, अशी एकूण मांडणी.

वाचायला गोड. पण तारखा समोर ठेवून बघा.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. तिथून दंगे नगर जिल्ह्यात पसरले: पारनेर, श्रीगोंदे, कर्जत. कर्जत ते आष्टी अंतर किती? आष्टीकर ते एका दमात सांगतील. तेव्हा मधे फक्त राज्याची हद्द होती. नगर इंग्रजांचं, आष्टी-बीड हैदराबादच्या निजामाचं. पुढच्याच वर्षी दख्खनचा मोठा दुष्काळ सुरू झाला आणि १८७८ पर्यंत चालला. दुष्काळाला हद्द कळत नाही. पॅरिसच्या प्रदर्शनात सुखी खेड्याची मार्गदर्शिका विकली जात होती, त्या वेळी या पट्ट्यातली माणसं गावं सोडून चालली होती. शेतात पिकलं नाही तर बलुतं कुठून येणार? कुंभाराच्या चाकाची शांतता शेतकऱ्याच्या खळ्यावर अवलंबून होती आणि खळं रिकामं होतं.

त्याच सुमारास पुण्यात बसून जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. ते १८८३ मध्ये पुरं झालं. बर्डवुडचं पुस्तक १८८० चं. तीन वर्षांच्या अंतराने, एकाच दख्खनच्या खेड्याबद्दल लिहिलेली ही दोन पुस्तकं आहेत. बर्डवुडला जातीत कारागिरीचं रहस्य दिसलं. फुल्यांना तिच्यात माणसाची कोंडी दिसली. बर्डवुडला कुंभार चाकावर बसलेला दिसला. तो तिथून उठून शाळेत जाऊ शकतो का, हा प्रश्न फुल्यांचा होता.

इथे बर्डवुडच्या प्रेमाची अट कळते. त्याला कारागीर आहे तिथेच, आहे तसाच हवा होता. नाव नसलेला, न बदलणारा, बापाचंच काम करणारा. तो नवं काही करायला लागला की बर्डवुडच्या लेखी बिघडला. कुंभाराने चाकावरून उठून आपल्या मनातली आकृती घडवली तर तिला काय म्हणायचं, याचं उत्तर त्याच्या पुस्तकाकडे नव्हतं.

खरं तर कुंभार ते दरवर्षी करतो. आष्टी असो की मराठवाड्यातलं कुठलंही गाव, उन्हाळ्यात माठ आणि रांजण करणारे हात पोळ्याच्या आधी मातीचे बैल करतात. चार पाय, वशिंड, शिंगं, जरा वळलेली मान. चाक बाजूला राहतं, नुसती बोटं. दोन बैल कधी सारखे होत नाहीत. संक्रांतीची सुगडी 'उद्योग' आणि पोळ्याचा बैल 'शिल्प', अशी रेघ त्या एकाच अंगणात कुठून मारायची?

छायाचित्रातली बाई

१८९६ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एक विशीच्या आतबाहेरचा मराठी विद्यार्थी प्लास्टरमध्ये एक पुतळा करत होता. गणपतराव काशीनाथ म्हात्रे. पुतळा एका तरुण बाईचा: नऊवारी नेसलेली, हातात पूजेचं साहित्य, देवळाकडे निघालेली. त्याचं मराठी नाव 'मंदिरपथगामिनी'. बॉम्बे आर्ट सोसायटीत त्याला पदक मिळालं, मुंबईत नाव झालं आणि पुतळ्याचं छायाचित्र लंडनला बर्डवुडपर्यंत पोचलं.

बर्डवुड खूश झाला. हिंदुस्थानात शिल्पकला नाही असं ज्याने छापून ठेवलं होतं, त्याने या पुतळ्याची जाहीर स्तुती केली. काही इंग्रज मंडळींना शंका आल्या, वाद झाला. बंगालीत रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ मध्ये या पुतळ्यावर लेख लिहिला. एका मराठी विद्यार्थ्याच्या कामावर मुंबई, लंडन आणि बंगालमध्ये एकाच वेळी चर्चा होत होती. आजही ही गोष्ट कमी वाटत नाही.

मग १९१० मध्ये बर्डवुड पुन्हा पुडिंगवर का आला?

कारण म्हात्र्यांचा पुतळा त्याला कळत होता. शरीराची ठेवण, साडीच्या चुण्यांमधून दिसणारं वजन, एका पायावरचा भार, हे सगळं ग्रीक मूर्ती बघत वाढलेल्या डोळ्याला ओळखीचं होतं. म्हात्रे जे. जे.त शिकले तेही ग्रीक-रोमन पुतळ्यांचे साचे समोर ठेवून. जावाच्या बुद्धात स्नायू दिसत नाहीत, ताण दिसत नाही, हालचाल नाही. घडवणाऱ्याने ते मुद्दाम टाळलं होतं. ध्यानात बसलेल्या माणसाचं शरीर कसं दिसतं यापेक्षा ध्यान कसं दिसतं हे त्याला दाखवायचं होतं. बर्डवुडच्या डोळ्यांना ते घडवणाऱ्याचं अपुरेपण वाटलं.

आणि हे सगळं त्याच्या दारात असताना. अजिंठ्यातले शिलालेख वाचून भाऊ दाजींनी १८६३ मध्ये त्यांवर लेख लिहिला, तो एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे. आणि त्याच दशकात बर्डवुड त्याच शाखेचं काम बघत होता. जे. जे.चा जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं नकलून काढत होता. पेस्तनजी बोमनजी त्यांतला आघाडीचा चित्रकार. आज आपण बीड जिल्ह्यात धरतो त्या अंबाजोगाईच्या लेण्यांची नोंद जेम्स बर्जेसने १८७८ च्या अहवालात छापली होती. तिथल्या हत्तीखान्यात दगडी हत्ती उभे आहेत. घारापुरीचा एक हत्ती बर्डवुडने वाचवला होता. पण त्याच्या लेखी ते जुने अवशेष, इतिहासाचा पुरावा. कलेच्या दालनात त्यांना जागा नव्हती.

तेरा सह्या

पुडिंगला उत्तर आलं. २८ फेब्रुवारी १९१० च्या 'टाइम्स'मध्ये तेरा जणांच्या सहीचं पत्र छापून आलं. विल्यम रोथेनस्टाइन, वॉल्टर क्रेन, जॉर्ज फ्रॅम्प्टन अशी चित्रकार-शिल्पकार मंडळी त्यात होती. बुद्धाची ही प्रतिमा जगाच्या थोर कलाकल्पनांपैकी एक आहे आणि हिंदुस्थानात जिवंत, स्वतंत्र कलापरंपरा आहे, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. हॅवेल, रोथेनस्टाइन, आनंद कुमारस्वामी तिच्या उभारणीत होते. या सोसायटीने १९१२ मध्ये रवींद्रनाथांची इंग्रजी 'गीतांजली' पहिल्यांदा छापली आणि १९१५ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांनी करवून घेतलेल्या अजिंठ्याच्या नकला. त्या नकलांसाठी बंगालहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आले होते आणि हैदराबादहून सय्यद अहमद. एका तुसड्या वाक्याने एवढं घडवलं, असं म्हणणं ओढूनताणून होईल. तयारी आधीच होती. पण ठिणगी त्या वाक्याची होती.

बर्डवुडने १९१५ मध्ये आपल्या लेखांचा एक संग्रह काढला. त्याला नाव दिलं संस्कृत: 'स्व'. २८ जून १९१७ रोजी तो लंडनजवळ वारला. शेवटपर्यंत स्वतःला हिंदुस्थानचा मित्र समजत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता या भांडणाचं एक अंग राहून जातं. हॅवेल आणि कुमारस्वामी जिंकले. हिंदुस्थानी मूर्ती 'कला' ठरल्या. पण त्यांच्याही मांडणीत मूर्ती घडवणारा माणूस बिननावाचाच राहिला. आपल्या परंपरेत कलावंत स्वतःला विसर्जित करतो, नाव ठेवत नाही, हीच तिची थोरवी, असं सांगितलं जाऊ लागलं. बर्डवुडला बिननावाचा कारागीर आवडत होता, त्याच्या विरोधकांना बिननावाचा साधक आवडला. नाव मात्र कुणीच विचारलं नाही.

कान्हदास सोनार

नावं होती. कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यात एका मोठ्या यक्षाच्या डोक्याशेजारी ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. अर्थ असा: कान्हाचा शिष्य बलुक याने केलं. हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. (हे कर्जत रायगडचं, नगरचं नव्हे.) बलुकाने नुसतं आपलं नाव लिहिलं नाही, गुरूचंही लिहिलं. हा लेख बर्डवुडच्या हयातीत, १८८१ मध्ये, बर्जेस आणि भाऊ दाजींचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी छापलेल्या संग्रहात आला होता. पंडितजींनी हे काम शिकलं भाऊ दाजींच्या हाताखाली. म्हणजे बर्डवुडच्या मित्राच्या चेल्याने ते नाव वाचून ठेवलं होतं.

दुसरं नाव आपल्या मराठवाड्यातलं. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं, तेव्हा एक बुटका, गुटगुटीत, हसरा यक्ष सापडला. दोन्ही हात वर करून डोक्यावर पाटी धरलेला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या पंजाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे की हा कान्हदास सोनाराने केला.

सोनार. म्हणजे बर्डवुडच्या पुस्तकातला झाडाखाली बसून दागिना घडवणारा तोच. पिढीजात धंद्यातला, लहान हातोडी आणि बारीक छिन्नीवाला. त्याने दगड हातात घेतला, माणसाएवढं हसू कोरलं आणि खाली सही केली. 'उद्योग' आणि 'ललित कला' यांच्यामधली भिंत लंडनमध्ये बांधली जायच्या दोन हजार वर्षं आधी हा माणूस तिच्यातून आरपार गेलेला होता.

ही भिंत इंग्रज गेल्यावर पडली असंही नाही. चित्रकार गॅलरीत, कुंभार बाजारात. एकाची 'किंमत', दुसऱ्याची 'मजुरी'. वारली चित्रं पिशव्यांवर, मगांवर, हॉटेलच्या भिंतींवर दिसतात आणि खाली 'लोककला' एवढंच लिहिलेलं असतं. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या एखाद्याला आयुष्यभर काम केल्यावर नाव मिळतं, २०११ मध्ये पद्मश्री मिळते. बाकीच्यांच्या रेघा 'पारंपरिक' म्हणून कुणीही उचलाव्यात. जुन्या काळी बीडची चामड्याची छागल, म्हणजे प्रवासात पाणी नेण्याची पिशवी, आणि बीडची गुप्ती दूरवर प्रसिद्ध होत्या. गॅझेटियर छागल सांगतं. ती शिवणारा कोण, ते सांगत नाही. तो कुठल्या जातीचा असेल ते आपल्याला न सांगता कळतं, आणि त्याचं नाव का लिहिलं गेलं नाही तेही.

भायखळ्याच्या संग्रहालयात काचेच्या कपाटांमध्ये मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत: वेगवेगळ्या धंद्यांची, जातींची, पगड्यांची माणसं. त्या बारकाईने घडवलेल्या आहेत, बोटांची नखंसुद्धा दिसावीत इतक्या. कधी मुंबईला गेलात तर बघा. आणि बघताना त्या कपाटाबाहेरच्या माणसाचाही विचार करा. कुंभाराची बाहुली तर कळली, पण ती बाहुली करणारा कोण होता?

पुढच्या पोळ्याला बैलजोडी घ्याल तेव्हा निदान विकणाऱ्याला नाव विचारता येईल. कान्हदासाने तर न विचारता सांगून ठेवलं आहे.